रिकाम्या खळग्यांची कोठी

"देव बघायचा तर देवळात जा, माणूस बघायचा तर कोठीत."

हे वाक्य वनीस मुकादमानं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, ते नाईलकाठच्या लव्हाळ्यांनाच ठाऊक. लग्नाच्या मांडवात म्हणे, मयताच्या घरी म्हणे. एकदा पापं कबूल करायला म्हणून गेला आणि गावचे धर्मगुरू अबूना बिसादा यांनाच ते ऐकवून बसला. अबूना म्हणाले, "लेका, तू पापं सांगायला आलास की मला शहाणं करायला?"

मी त्याचा शेजारी. आमच्या दोन घरांत मातीची एकच भिंत. माझा माग त्या भिंतीला लागून, त्यामुळे त्याच्या घरातली भांडणं मला धोट्याच्या तालावर ऐकू येत. आणि हंगामात गावातल्या सगळ्या पुरुषांसारखा मीही मठाच्या टेकाडावर माती वाहायला जाई. म्हणजे वनीस मला दोन्ही बाजूंनी माहीत होता, जरब बसवणाराही आणि बायकोच्या जरबेतलाही.

आमच्या कोम सुवैदच्या पश्चिमेला शेत संपतं आणि वाळवंट सुरू होतं, उंबरठा ओलांडावा तसं. एक पाय लसणाच्या वाफ्यात असतो, दुसरा तापलेल्या वाळूत. त्या उंबरठ्यावर जुना मठ होता. आता देवळाच्या तीन भिंती तेवढ्या उभ्या आहेत, बाकी सगळं मातीनं पोटात घेतलंय. हिवाळ्यात ऊन मऊ झालं की कैरोहून उत्खनन करणाऱ्या डॉक्टर सौसन येत, तंबू ठोकत, आणि मातीच्या पोटातलं हळूहळू बाहेर निघू लागे.

वनीस उंच, वाळलेल्या मक्याच्या ताटासारखा. मिशी पांढरी, मधोमध तंबाखूनं पिवळी. हातात बाभळीची काठी, तिच्या मुठीला पितळेचं कडं. ती काठी म्हणजेच मुकादमी. ज्याच्या हाती काठी, तो म्हणेल तिथे कुदळ पडायची आणि तो म्हणेल तिथे थांबायची. पण त्याचं खरं हत्यार काठी नव्हे, अंगठा. रुंद, नख शिंपल्यासारखं. खापराचा तुकडा सापडला की तो डोळे मिटायचा, तुकड्यावरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "हे पाण्याचं. हे तेलाचं. हे डाळीचं, आणि डाळ करपवली होती." डॉक्टरबाई हसत, पण वहीत लिहून घेत.

खोदणाऱ्या सगळ्यांना देवळात रस. देवळात चित्रं निघतात, देवदूतांचे पंख निघतात, वर्तमानपत्रवाले येतात. वनीसला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "देवळात सगळे चांगलेच वागतात," तो म्हणे. "तिथे खोदून काय कळणार?" त्याला हवी असायची चूल, राख, कांद्याची सालं, माशाचे काटे. मठाची भट्टी त्यानंच शोधली. तिच्या तळाशी कोळसा झालेली भाकरी निघाली तेव्हा ती दोन्ही हातांवर घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "भट्टीवाला बाबा डुलकी घेत होता. शिव्या खाल्ल्या असतील बिचाऱ्यानं." पुढच्या वर्षी तबेला काढला. गव्हाणीचा काठ एकाच जागी कुरतडलेला. "इथलं गाढव चावरं होतं," तो म्हणाला. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या त्या गाढवाला गावानं नावही ठेवलं, आणि ते मी इथे सांगणार नाही, कारण ते वनीसच्या चुलतभावाचं होतं.

चुलतभाऊ बाखूम. तो देवळाकडच्या टोळीचा मुकादम. गोरा, गुबगुबीत, पागोटं नेहमी परीटघडीचं. दोघांचं लहानपणापासून पटत नव्हतं, आणि न पटण्याचं कारण दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून ते कधी मिटलंही नाही.

भट्टी झाली, तबेला झाला, जातं सापडलं. राहिली होती ती कोठी, मठाचं सगळं तेल, धान्य, खजूर जिथे साठवत ती जागा. कोठीसाठी वनीस तीस वर्षं झुरत होता. "एवढी भट्टी, एवढं जातं," तो म्हणे, "मग दाणागोटा ठेवत कुठे होते, खिशात?"

त्या वर्षी मोठ्या उपवासात, म्हणजे आम्ही पंचावन्न दिवस मांस, दूध, लोणी सगळ्याला रामराम करतो त्या दिवसांत, भट्टीच्या मागे एक लांबट खोली निघाली. भिंती घोट्याएवढ्याच उरलेल्या. वनीस स्वतः गुडघ्यांवर बसून झाडू मारत होता. संध्याकाळपर्यंत जमीन मोकळी झाली. जमिनीत ओळीनं खळगे होते. गोल, निमुळते, नीट मातीची कड केलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि सगळे रिकामे. एक खापर नाही, एक दाणा नाही.

"कोठी!" वनीस म्हणाला. "घडे रोवायचे खळगे आहेत हे. निमुळत्या बुडाचे घडे."

"घडे कुठे आहेत मग?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "चोर घडे फोडतो, मुकादम. फोडले असते तर तुकडे असते. इतके घडे एकेक करून अलगद काढून कोण नेतं?"

 उत्तर सापडलं नाही की वनीसला राग येई, आणि राग आला की तो शाप देई. खळग्यांच्या मधोमध उभा राहून, काठी आभाळाकडे करून त्यानं जो शाप दिला तो टेकाडाच्या पलीकडे उसात काम करणाऱ्यांनीही ऐकला.

"ज्यानं ही कोठी रिकामी केली, त्याच्या कबरीवर गाढवं लोळोत! त्याच्या घरात घुबड नांदो! आणि त्याच्या पोराला नाकासमोरचं दिसू नये!"

"आमेन," बाखूम म्हणाला. तो मुद्दाम बघायला आला होता.

दुसऱ्या दिवशी अबूना बिसादा आले. त्यांनी खळगे पाहिले, क्रूस केला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "ही प्रार्थनेची जागा आहे. जुने तपस्वी वर्षानुवर्षं गुडघे टेकून बसायचे. त्यांच्या गुडघ्यांनी हे खळगे पडलेत."

वनीस म्हणाला, "अबूना, माणसाला गुडघे दोन असतात. हे खळगे एकेकटे आहेत. सगळे तपस्वी एका पायाचे होते का?"

"तपश्चर्येनं काहीही होतं," अबूना म्हणाले.

"मीसुद्धा आजीकडून हेच ऐकलंय," बाखूम म्हणाला. त्याची आजी म्हणजे वनीसचीही आजी, आणि ती जन्मभर मुकी होती.

पण गाव गावच असतं. दुपारपर्यंत बायका मेणबत्त्या घेऊन आल्या. गुडघेदुखीनं बेजार झालेली एक म्हातारी एका खळग्यात गुडघा घालून बसली, उठली, आणि म्हणाली की तिला बरं वाटतंय. झालं. मंगळवारी गुडघेदुखीवाल्यांची रांग लागली. दोन गाढवगाड्या नदीपलीकडच्या गावातून आल्या. वनीस काठी घेऊन रांगेवर ओरडत होता, "तेलाच्या खळग्यात बसलीस तू, मावशी! तेलाच्या!" मावशी म्हणत होती, "म्हणूनच तर मऊ वाटतंय."

डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला बोलावलं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या.

"मुकादम, उद्या नाही, परवा गुरुवार. गुरुवारी मला वर कळवायचंय. ही कोठी आहे असं दाखवायला काहीतरी हातात द्या. एक घडा, अर्धा घडा, काहीही. नाहीतर ही बाजू बंद. पुढचे हंगाम सगळे देवळाकडे, आणि तिथे मुकादम आहे."

"बाखूम," वनीस म्हणाला.

"दोन मुकादम मला ठेवता येणार नाहीत."

वनीसनं काठीकडे पाहिलं. त्याच्या वडिलांची, बिशाय मुकादमाची काठी ती. बाखूमनं तोवर नवं पागोटं आणूनही ठेवलं होतं, हे मला परटिणीकडून कळलं.

आता त्याच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात कबुतरांचे बुरूज पुष्कळ, पण बिशायच्या बुरुजासारखा दुसरा नाही. खालून रुंद, वर निमुळता, चुन्यानं पांढरा केलेला, आणि अंगभर घड्यांची तोंडं. एकेका घड्यात एकेक जोडी. सकाळी सूर्य आला की सगळा बुरूज घुमायला लागे, जणू मोठं भांडं चुलीवर उकळतंय. बाकीच्यांचे घडे साधे, कच्चे, चार वर्षांत फुटणारे. बिशायचे घडे पन्नास वर्षं झाली तरी एकाला तडा नाही. लोक विचारत, तेव्हा बिशाय सांगे, "बल्लासच्या कुंभारांकडून आणले, स्वतः निवडून." मरेपर्यंत हेच सांगत होता. वनीसही तेच सांगे. त्या घराचा मान त्या बुरुजावर उभा होता.

बुधवारी दुपारी डॉक्टरबाईंना जेवायला बोलावलं होतं, निरोपाचं जेवण. वनीसची बायको जरीफा अडून बसली. नवऱ्याला ती पोराच्या नावानं हाक मारी, आणि तिचा आवाज भिंतीतून स्पष्ट येत होता.

"सावीरसच्या बापा, आपला उपवास आहे, बाईंचा नाही. कैरोच्या पाहुणीला मी मसूर वाढू?"

"मसूर चांगला असतो."

"तुमची मुकादमी चाललीच आहे, आता माझी अब्रू पण घालवा. वर चढा आणि चार पिल्लं काढा. हिरवा गहू भरून भाजते."

वनीस चढला. मी अंगणात सूत वाळत घालत होतो, मला सगळं दिसत होतं. बुरुजाला बाहेरून लाकडाच्या खुंट्या असतात, त्यांवर पाय देत तो वर गेला. एका घड्यात हात घातला, पिल्लू काढलं, खाली टोपलीत सोडलं. दुसऱ्यात घातला. तिसऱ्यात हात घातला आणि हात तिथेच राहिला.

 जरीफा खालून ओरडली, "पिल्लं धरताय की अंडी घालताय?"

उत्तराऐवजी वरून मातीची ढेकळं पडली.

पुढे त्यानंच मला सांगितलं ते असं. त्या घड्याभोवतीची माती सुटली होती, म्हणून आधाराला त्यानं घडा वरून धरला. त्याचा अंगठा घड्याच्या खांद्यावर टेकला. आणि अंगठ्यानं, त्याला न विचारता, ओळखलं. तसल्या जाड अंगाचा, तसल्या बारीक रेघांचा घडा बल्लासमध्ये कोणी केला नाही, कधीच केला नाही. बल्लासचे घडे तो झोपेतही ओळखायचा. पन्नास वर्षं त्यानं या घड्यांतून पिल्लं काढली होती, पण नेहमी आत हात घातला होता. बाहेरून हात फिरवलाच नव्हता. घरातल्या वस्तूला कोण हात लावून ओळखतं? त्यानं घडा ओढून बाहेर घेतला, अंगठा खाली सरकवला. बूड निमुळतं. खळग्यासारखं.

मग त्याला आठवलं की नाईलवरचं मोठं धरण होण्याआधी सगळं गाव टेकाडाची माती खत म्हणून शेतात नेई, गाढवांवर लादून. बिशाय सगळ्यांत आधी उठून जाई आणि त्याच्या गाढवावरच्या टोपल्यांवर नेहमी पेंढा अंथरलेला असे. मातीवर कोण पेंढा अंथरतं?

तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, आणि खांद्यावर एक घडा होता. जरीफानं घड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हे काय?"

"कोठी," तो म्हणाला.

जरीफा शहाणी बाई. तिला दोन श्वास लागले, जास्त नाही. मग ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "घुबड! घरात घुबड नांदो! अहो, तुमच्या शापातलं घुबड म्हणजे मी!"

"हळू बोल. भिंतीला कान आहेत."

"कान आहेत, आणि ते सगळं ऐकतायत," मी भिंतीवरून म्हणालो. लपवण्यात अर्थ नव्हता.

वनीस घडा मांडीत घेऊन माझ्या अंगणात येऊन बसला. मी चहा ठेवला, काळा आणि दाट. मठाचं काही घेतलं तर घर बसतं, असं आमच्याकडे मानतात. खताची माती सगळे नेत, तिचं कुणाला काही वाटत नसे. घडे वेगळे. घडे नेले म्हणजे बिशाय मुकादम, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोपल्या तपासल्या, तो मठाचा चोर. तीस वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाला आता गावासमोर उभं करायचं. आणि गप्प राहिलं तर गुरुवारी काठी बाखूमकडे, आणि कोठी कायमची गुडघ्यांची जागा.

"गप्प राहा," मी म्हणालो. "बापाचं नाव राहील."

त्यानं घड्याच्या खांद्यावरची कबुतरांची घाण अंगठ्यानं खरवडली. खाली काळ्या शाईची एक ओळ होती. त्याला ती वाचता येत नव्हती. मलाही नाही. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

"कुणीतरी हात सांभाळून लिहिलंय," तो म्हणाला. "कोठीवाला असेल. त्याला वाटलं असेल, कुणीतरी वाचेल."

चहा न पिता तो उठला.

भर दुपारी, भर रस्त्यानं, खांद्यावर घडा आणि हातात काठी घेऊन वनीस टेकाडाकडे निघाला. त्याच्या मागे मी, माझ्या मागे जरीफा, तिच्या मागे निम्मं गाव. खळग्यांपाशी गुडघेदुखीवाल्यांची रांग होती, अबूना होते, नव्या पागोट्यातला बाखूम होता, डॉक्टरबाई सावलीत बसून लिहीत होत्या. वनीसनं एका म्हातारीला अदबीनं उठवलं, "जरा सरक, मावशी," आणि तिच्या खळग्यात घडा ठेवला.

घडा बसला. पाय जोड्यात बसावा तसा बसला, सरळ, जराही न डुलता.

 मग डॉक्टरबाई धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि बोट धरून ती शाईची ओळ वाचायला लागल्या.

"काय लिहिलंय?" अबूनांनी विचारलं.

डॉक्टरबाई हसू आवरत म्हणाल्या, "लिहिलंय, तेल, मठाच्या कोठीचं. विचारल्याशिवाय नेऊ नये."

वनीस खोल आवाजात म्हणाला, "माझ्या बापाला वाचता येत नव्हतं."

ते ऐकून आधी अबूना हसले, मग मावश्या हसल्या, मग सगळं टेकाड हसलं. वनीस हसला नाही. तो ताठ उभा होता. म्हणाला, "बाकीचे बुरुजात आहेत. बल्लासहून कोणी काही आणलं नव्हतं. माझ्या बापानं हे इथून नेले. पण एकही फोडला नाही. हेही लिहा, डॉक्टरबाई."

त्यांनी लिहिलं.

तेवढ्यात बाखूम पुढे झाला. अशी संधी चुलतभावाला जन्मात एकदा मिळते. "चुलत्याच्या लेका," तो गोड आवाजात म्हणाला, "तुझ्या शापाचं काय? गाढवं, घुबड, आणि ते तिसरं? पोराला नाकासमोरचं दिसू नये?"

वनीसनं मिशीवरून हात फिरवला.

"लागला की," तो म्हणाला. "पन्नास वर्षं दिसलं नाही. माझा शाप कधी वाया जात नाही, बाखूम. तू जपून राहा."

बाखूम दोन पावलं मागे गेला, आणि एका खळग्यात त्याचा पाय अडकून गुडघ्यावर पडला. गुडघा सुजला. महिनाभर तो लंगडत होता, आणि गावात कुणीही त्याला खळग्यात बसून बरा हो असं सांगायचं सोडलं नाही.

काठीचं काय झालं, असं मला विचारतात. काठीविषयी कोणी बोललंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी विचारलं, "मुकादम, घडे कधी उतरवायचे?" आणि तिथेच ते ठरलं. पण घडे लगेच उतरले नाहीत, कारण घड्यांत पिल्लं होती, पंख न फुटलेली. जरीफानं बुरुजाच्या दारात खाट टाकली आणि सांगितलं की पिल्लं उडेपर्यंत कुणी एक घडा हलवला तर तिच्या अंगावरून जावं लागेल. वर कळवायचं पत्र गेलं. मी ते पाहिलं नाही, पण म्हणतात त्यात लिहिलं होतं की काम कबुतरांमुळे थांबलंय. तीन आठवडे डॉक्टरबाई रोज येऊन विचारत, "उडाली?" आणि जरीफा म्हणे, "अजून पोरं आहेत ती." त्या काळात बाईंनी मसूर खायला शिकून घेतलं.

अबूनांनीही हार मानली नाही. रविवारी म्हणाले की तपस्व्यांचे गुडघे नसले तरी तपस्व्यांचं तेल तर होतं. म्हातारीला बरं वाटतच राहिलं.

ईस्टरनंतर घडे उतरायला लागले. वनीस एकेक स्वतः नेई, कुणाला हात लावू देत नसे. प्रत्येकाला खळग्यावर आणून त्याचा खळगा कोणता ते अंगठ्यानं शोधी. बुरूज रोज थोडा आंधळा होत गेला, चुन्याच्या पांढऱ्या अंगावर नुसती काळी भोकं उरली. आणि कबुतरं? त्यांना बिशायही ठाऊक नव्हता आणि मठही. त्यांना आपलं घर ठाऊक होतं. घडा गेला की जोडी मागोमाग जाई. पंधरवड्यात टेकाड घुमायला लागलं. डॉक्टरबाई डोक्याला हात लावून बसल्या. वनीस मात्र खुशीत होता. म्हणाला, "बघा, कोठी भरली. हजार वर्षांनी पहिल्यांदा भरली."

शेवटचा घडा मी पाहिला. ऊन कलतं होतं, लसूण काढून झाला होता, शेतात वास राहिला होता. वनीस तो खांद्यावर घेऊन बुरुजातून बाहेर आला. त्यावर एक करडी मादी बसली होती, अंड्यावरून उठवलेल्या आईसारखी रागीट, आणि उडायला तयार नव्हती. त्यानं तिला एकदा हुसकावलं, दोनदा हुसकावलं, मग राहू दिलं. काठी बगलेत धरली आणि वाफ्यांच्या बांधावरून मठाकडे चालू लागला, सावकाश, घडा हिंदकळू नये म्हणून आणि मादीचा तोल जाऊ नये म्हणून.

जरीफा गच्चीवर उभी होती, हात कपाळावर धरून. मी मागाशी बसलो होतो, पण धोटा थांबवला होता. आणि बुरुजाच्या काठावर, जिथे आता एकही घडा उरला नव्हता, तिथे तिचा नर बसला होता. तो वनीसकडे बघत राहिला. हिरवं संपून वाळू सुरू होते त्या उंबरठ्यावर वनीस पोचला, तेव्हा तोही उठला आणि त्याच्या मागे गेला.